मोबाइल जप्त होतो तेव्हा

27 सप्टेंबर 2014 हा महाराष्ट्र विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी तीनपर्यंत. जालन्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि दालनाबाहेर आयोगाच्या नियमाप्रमाणे व्हिडिओ कॅमेरे चालू होते. पुढे मतमोजणीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे राहिले. गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता, की खोतकरांचे अर्ज तीन वाजून गेल्यावर स्वीकारले गेले आणि ते कॅमेऱ्यात दिसतं.

चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या. त्या सरकारी कार्यालयाकडूनच आल्या होत्या. पण पुरावा कायद्याच्या कलम 65-बीखाली लागणारं प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हतं. ते मिळावं म्हणून गोरंट्याल यांनी अधिकाऱ्यांकडे वारंवार मागणी केली. कुणी दिलं नाही. अखेर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी उलटतपासणीत जे मान्य केलं त्यावर विसंबून उच्च न्यायालयाने चित्रीकरण ग्राह्य धरलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 जुलै 2020 रोजी न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने त्यावर जो निकाल दिला, तो तेव्हापासून खून, खंडणी, लाचलुचपत अशा सगळ्या खटल्यांत वकिलांच्या हातात असतो. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात कसा मांडायचा, याची आजची चौकट जालन्यातल्या त्या दुपारवरून ठरली.

हे प्रमाणपत्र हवंच कशाला? खुनात वापरलेला सुरा न्यायालयात प्रत्यक्ष दाखवता येतो. करारनाम्याचा मूळ कागद दाखवता येतो. टेलिफोन कंपनीचा सर्व्हर मात्र उचलून न्यायाधीशांसमोर ठेवता येत नाही. येते ती त्यातून काढलेली प्रत. मग ही प्रत कोणत्या यंत्रातून निघाली, ते यंत्र तेव्हा नीट चालत होतं का, त्याचा ताबा कुणाकडे होता, हे कुणीतरी सही करून सांगायला हवं. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात 65-बी घातलं ते यासाठी. त्याचा मजकूर ब्रिटनच्या 1968 सालच्या दिवाणी पुराव्याच्या कायद्यावरून घेतला होता. खोली व्यापणाऱ्या संगणकांच्या काळातला तो कायदा. आपण तो उचलला त्याच्या पाच वर्षं आधी, 1995 मध्ये, ब्रिटनने स्वतः ते कलम रद्द केलेलं होतं.

पुढची वीस वर्षं या कलमावर आपली न्यायालयं मागेपुढे होत राहिली. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कॉलच्या नोंदी प्रमाणपत्राशिवाय स्वीकारल्या. 2014 मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या केरळमधल्या निवडणूक प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो रस्ता बंद केला. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा थोडी सूट दिली. जालन्याच्या निकालाने हा घोळ मिटवला. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागणारच. मूळ यंत्र, म्हणजे स्वतःचा मोबाइल किंवा लॅपटॉप, मालकानेच साक्षीच्या वेळी हजर केलं तर ते लागत नाही. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. आणि पक्षकाराने आपल्या हातात होतं ते सगळं करून पाहिलं असेल, तर जे अशक्य आहे त्याचा आग्रह कायदा धरत नाही. गोरंट्याल यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला तो या शेवटच्या मुद्द्यावर. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती.

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. 65-बीचं आता कलम 63 झालं, आणि प्रमाणपत्राचा छापील नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात आला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा दाखल करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोघांनीही त्यात एक गोष्ट लिहायची आहे, जी जुन्या कायद्यात कुठेच नव्हती: हॅश मूल्य.

हा हॅश नेमका काय असतो हे समजून घेतलं तर या विषयातला निम्मा गुंता सुटतो. कुठलीही फाइल, मग ती दोन ओळींची चिठ्ठी असो की तीन तासांचं सीसीटीव्ही चित्रीकरण, शेवटी आकड्यांची लांबच लांब रांग असते. एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून ती रांग नेली की ठराविक लांबीचं एक उत्तर मिळतं. एसएचए-256 ही पद्धत वापरली तर ते उत्तर 64 अक्षरांचं येतं. तीच फाइल पुण्यात तपासा किंवा मुंबईतल्या कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, आज तपासा किंवा दहा वर्षांनी, उत्तर तेच येणार. पण चिठ्ठीतला एक स्वल्पविराम काढला, चित्रातला एक ठिपका बदलला, तर 64 अक्षरांचं ते उत्तर ओळखू येणार नाही इतकं पालटतं. उत्तरावरून फाइल परत तयार करता येत नाही, त्यामुळे हॅश उघड लिहिल्याने फाइलमधलं काहीही बाहेर फुटत नाही. जप्तीच्या जागी काढलेला हॅश पंचनाम्यात लिहिला, पंचांच्या सह्या झाल्या, आणि खटल्याच्या वेळी पुन्हा काढलेला हॅश त्याच्याशी जुळला, की मधल्या काळात मजकुरात कुणी बदल केला नाही हे कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता सिद्ध होतं. कायद्याच्या नमुन्यात एसएचए-1, एसएचए-256 आणि एमडी-5 अशा पद्धतींचे पर्याय दिले आहेत. यातल्या एमडी-5 मधल्या त्रुटी जुन्या आणि सर्वांना ठाऊक आहेत. दोन वेगळ्या फाइलींचं एमडी-5 मुद्दाम सारखं आणता येतं. एसएचए-1 चीही तीच गत झाली आहे. तपासी अंमलदारांनी एसएचए-256 च वापरावी.

मोबाइलच्या बाबतीत मात्र थोडं सांभाळून बोलावं लागतं. संगणकाची हार्ड डिस्क बाहेर काढून, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणाला जोडून तिची हुबेहूब प्रत काढता येते. मोबाइल चालू केल्याशिवाय बहुतेक वेळा आतला मजकूर मिळत नाही, आणि चालू केला की तो स्वतःच आत काही ना काही लिहीत राहतो. नेटवर्क मिळालं तर नवे संदेश येतात, मालक दुसरीकडून सगळं पुसूनही टाकू शकतो. म्हणून तो फ्लाइट मोडवर टाकायचा, लहरी आत शिरणार नाहीत अशा फॅरेडे पिशवीत ठेवायचा, प्रत्येक मोबाइलचा वेगळा असणारा आयएमईआय क्रमांक पंचनाम्यात घ्यायचा. मोबाइलमधून जो मजकूर उतरवून घेतला त्या फाइलचा हॅश काढता येतो; तो मोबाइलचा हॅश नसतो. उतरवून घेण्याआधी मोबाइल कुणाच्या हातात होता, किती वेळा उघडला गेला, हे कागदावर नसेल तर पुढचा हॅश कितीही जुळला तरी ती फट राहतेच.

इथपर्यंतचा कायदा योग्य दिशेने चालला आहे असं मला वाटतं. तज्ज्ञाच्या सहीची अट सामान्य माणसाला जड जाते, हेही खरं. नवऱ्याच्या धमक्यांचे व्हॉट्सॲप संदेश घेऊन तालुक्याच्या न्यायालयात आलेल्या बाईने तज्ज्ञ कुठून आणायचा, याचं समाधानकारक उत्तर अजून यंत्रणेने दिलेलं नाही. पण एकूण रोख बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा कायदा एकच प्रश्न विचारतो: प्रत शुद्ध आहे का? ती मिळवताना कुणाच्या घरात, कुणाच्या संभाषणात, कुणाच्या आयुष्यात किती खोल शिरलात आणि कुठल्या अधिकाराने, हा प्रश्न पुरावा दाखल होताना आपल्याकडे जवळपास विचारलाच जात नाही. ही सवय जुनी आहे, आणि ती लागली मुंबईतल्या खटल्यांत.

साठच्या दशकात मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला शंभर रुपयांची लाच देऊ करणाऱ्या माणसासाठी सापळा लावला गेला. खोलीत मायक्रोफोन लपवला होता आणि संभाषण टेपवर घेतलं गेलं. युसुफअली नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. टेप पुरावा म्हणून चालते, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्यात एक बारीक गोष्ट होती. टेपवर मोहर नव्हती. टेप पोलिस निरीक्षकाच्या ताब्यात तशीच राहिली होती. मोहर नसेल तर कुणीतरी मधे फेरफार केला असेल अशी शंका साहजिकच येते, हे न्यायालयाने नोंदवलं, आणि या प्रकरणात तसं काही दिसत नाही म्हणून ती टेप स्वीकारली. लाखेची मोहर तेव्हा जे काम करत होती तेच आज हॅश करतो. त्या बाबतीत न्यायालयाची नजर तेव्हाही तीक्ष्ण होती.

दुसरं प्रकरण आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल 1972 चा. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. 1964 मध्ये एका शुश्रूषागृहात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दगावला, आणि चौकशी अनुकूल व्हावी यासाठी त्यांनी डॉक्टरांकडे वीस हजार मागितले, मग दहावर उतरले, असा आरोप होता. डॉक्टरांच्या संमतीने पोलिसांनी टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टिपलं. संभाषणातल्या एकाची संमती असल्याने टेलिग्राफ कायद्याचा भंग झाला नाही, असं न्यायालय म्हणालं. इथवर पटतं. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला असला तरी तो दाखल होऊ शकतो, फक्त तपासताना जास्त दक्षता घ्यावी, असंही त्याने सांगितलं. आणि टेलिफोनवरच्या खासगीपणाचं संरक्षण निर्दोष नागरिकासाठी आहे, दोषी माणसासाठी नाही, अशा आशयाचं एक विधान केलं.

हे विधान आपल्याला फार महागात पडलं, असं मला वाटतं. फोन ऐकला जातो त्या क्षणी कोण दोषी आणि कोण निर्दोष हे कुणालाच माहीत नसतं. दोषी ठरतो तो शेवटी, खटला चालून. संरक्षण मात्र सुरुवातीला लागतं. पुढच्याच वर्षी पूरनमल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्राप्तिकराच्या छाप्यांबाबत हाच सूर कायम ठेवला: झडती बेकायदा असली तरी तिच्यातून मिळालेली कागदपत्रं वापरता येतात. ही परंपरा अजून चालू आहे. जुलै 2025 मध्ये घटस्फोटाच्या एका दाव्यात पती-पत्नीमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं. अमेरिकेत अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग करून आणलेला पुरावा सामान्यपणे बाहेर टाकला जातो, आणि अटक केलेल्या माणसाचा मोबाइल उघडून पाहायचा तर पोलिसांना न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एकमताने ठरवलं. आपल्याकडे 1954 मध्ये आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा प्रकरणात उलट टोक गाठलं होतं: झडतीपासून खासगीपणाचं असं संरक्षण आपल्या घटनेत नाही, मग ते बाहेरून का आणावं?

24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत रद्द केलं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेला दिलेल्या आव्हानातून हा निकाल आला. खासगीपणा हा जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला त्यात शिरायचं तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हेतूच्या मानाने घुसखोरी प्रमाणात हवी, असं तो सांगतो.

या निकालाचा फौजदारी तपासात खरा उपयोग करून दाखवला तो मुंबई उच्च न्यायालयाने. विनित कुमार विरुद्ध सीबीआय, ऑक्टोबर 2019. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठासमोर एक उद्योजक आले होते. कर्जासाठी सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता आणि त्यांचे फोन गृहखात्याच्या तीन आदेशांनी टॅप झाले होते. तेव्हाच्या टेलिग्राफ कायद्यानुसार फोन ऐकायचा तर सार्वजनिक आणीबाणी असावी लागे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असावा लागे. इथे तसं काहीच नव्हतं, म्हणून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि टेप केलेलं संभाषण व त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. बेकायदा असला तरी पुरावा चालेल, ही सबब पुट्टस्वामी निकालानंतर जशीच्या तशी पुढे करता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. आरोप गंभीर आहे म्हणून नियम सैल करायचे का, या प्रश्नाला दिलेलं हे नेमकं उत्तर आहे. मोठ्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नंतर वेगळा दृष्टिकोन घेतला, तेव्हा हा वाद संपलेला नाही. मला मुंबईचा निकाल अधिक भक्कम वाटतो.

टॅपिंगला निदान नियम तरी आहेत. 1996 मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते आखून दिले. आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा हवा, त्याला मुदत हवी, पुनर्विलोकन समितीने तो तपासायला हवा. आज एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त 60 दिवस असते आणि वाढवत नेली तरी 180 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे सहा महिन्यांचं तुमचं बोलणं ऐकायचं तर इतक्या पायऱ्या आहेत. आणि दहा वर्षांचं बोलणं, फोटो, बँकेचे व्यवहार, आजारपणाचे रिपोर्ट, प्रेमपत्रं, पत्रकाराचे स्रोत आणि वकिलाशी झालेली चर्चा हे सगळं ज्यात एकत्र आहे तो मोबाइल घ्यायला? फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो. डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेलं संपर्काचं साधन हजर करा, असं तो सांगू शकतो. कलम 185 खाली तपासी अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. कारणं लिहायची आणि 48 तासांच्या आत नोंदींच्या प्रती दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली. कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं झालं. ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा, प्रत्येक खटल्यात दिसणारा ठरलेला पंच आणि उलटतपासणीत त्याचं फितूर होणं हे दुखणं फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. चित्रीकरणाने ते बरंच कमी होऊ शकतं. पण कॅमेरा दाखवतो तो मोबाइल टेबलावरून उचलला जाताना. मोबाइलच्या आतली झडती पुढे कधीतरी, प्रयोगशाळेत किंवा सायबर शाखेत होते, आणि तिथे किती पाहायचं याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. तीन दिवसांच्या संदेशांवरून गुन्हा उलगडणार असेल तरी दहा वर्षांचा मजकूर उतरवला जातो. आरोपीचा असतोच, त्याच्या बायकोचा, आईचा, मित्रांचा, ज्यांच्यावर कुठलाच आरोप नाही अशा शेकडो माणसांचाही असतो.

पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर तर न्यायालयांत एकवाक्यता नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असं घटनेचं कलम 20(3) म्हणतं. बोटांचे ठसे देणं ही साक्ष नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी 1961 मध्येच ठरवलं. नार्को चाचणीची सक्ती करता येत नाही, हे 2010 च्या सेल्वी निकालात आलं. मग मनातला पासवर्ड ठशांच्या बाजूला बसतो की नार्कोच्या? कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो ठशांसारखा मानला. दिल्लीतल्या विशेष न्यायालयाने पुढच्याच वर्षी उलट मत दिलं. मनातली माहिती ओठांवर आणायला लावणं ही साक्षच आहे, असं माझं मत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पत्रकारांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सुनावलं, की उपकरणं जप्त करण्याचे असे सर्वंकष अधिकार तपास यंत्रणांकडे असणं धोक्याचं आहे, मार्गदर्शक सूचना करा. तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयची 2020 ची नियमपुस्तिका पाळतील, असं सरकारने न्यायालयाला सांगितलं. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याकडे आशेने पाहणाऱ्यांनी त्याचं कलम 17 वाचावं. गुन्ह्यांच्या तपासाला त्यातल्या बहुतेक बंधनांतून सूट आहे.

खासगीपणा जपला की तपास दुबळा होतो, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. केरळमध्ये जे घडलं ते त्याच्या नेमकं उलट सांगतं. 2017 मध्ये तिथे एका अभिनेत्रीवर चालत्या गाडीत लैंगिक अत्याचार झाला आणि त्याचं चित्रीकरण केलं गेलं. ते मेमरी कार्डात होतं. आरोपी असलेल्या अभिनेत्याने कार्डाची प्रत मागितली. आरोपीला त्याच्याविरुद्धचा पुरावा मिळालाच पाहिजे, हे तत्त्व एका बाजूला. त्या स्त्रीवरच्या अत्याचाराचं चित्रीकरण कुणाच्या तरी हातात देणं दुसऱ्या बाजूला. न्या. अजय खानविलकर यांनी 2019 च्या नोव्हेंबरमध्ये लिहिलेला निकाल मला अतिशय संतुलित वाटतो. कार्डातला मजकूर हा कायद्याच्या भाषेत दस्तऐवजच आहे, म्हणून आरोपीचा त्यावर हक्क आहे. पण इथे प्रत मिळणार नाही, वकील आणि तज्ज्ञासह येऊन न्यायालयात पाहता येईल.

पण कार्ड न्यायालयाच्या ताब्यात असतानाच कुणीतरी ते उघडून पाहिलं. एकदा नव्हे, अनेकदा. हे कळलं ते हॅशमुळे. प्रयोगशाळेने पुन्हा काढलेला हॅश आधीच्या नोंदीशी जुळेना. त्या स्त्रीने उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चौकशीचे आदेश दिले व असा पुरावा हाताळण्याचे नियमही घालून दिले. ज्याची प्रत आरोपीलाही नाकारली, ते चित्रीकरण न्यायालयाच्या कपाटातून कुणीतरी बिनदिक्कत पाहून गेलं होतं. आधीचा हॅश नोंदलेला नसता तर त्या स्त्रीवरच्या या दुसऱ्या अत्याचाराचा पत्ताही लागला नसता. पुराव्याची शुद्धता राखणारी आणि माणसाची अब्रू राखणारी शिस्त एकच आहे, याचं याहून ढळढळीत उदाहरण माझ्या माहितीत नाही.

हॅशलाही मर्यादा आहेत. जप्तीनंतर बदल झाला नाही एवढंच तो सांगतो. जप्तीआधी काय झालं, हे तो सांगू शकत नाही. पुणे पोलिसांनी सुरू केलेल्या आणि नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणात बचाव पक्षासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये अहवाल दिला, की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जप्तीपूर्वी जवळपास 22 महिने नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम होता आणि त्याच्या मार्गाने कागदपत्रं आत ठेवली गेली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष फेटाळला आहे, आणि त्याची खरी कसोटी साक्षीपुराव्यातच लागेल. पण हा अहवाल तयार होऊ शकला तो डिस्कची पूर्ण प्रत बचाव पक्षाला मिळाली म्हणून. प्रत द्यायला टाळाटाळ झाली, की असे प्रश्न विचारण्याचा रस्ताच बंद होतो.

मोबाइल टॉवरच्या नोंदींबद्दलही वर्तमानपत्री बातम्यांतून अवास्तव कल्पना पसरल्या आहेत. सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलांची नोंद, दाखवते ती फोन कोणत्या टॉवरला जोडला होता एवढंच. दाट वस्तीत टॉवरची हद्द काही शे मीटरची असते, मोकळ्या रानात काही किलोमीटरची. म्हणजे 'आरोपीचं लोकेशन घटनास्थळी' या मथळ्यामागे कधी कधी अख्खं गाव असतं. टेलिफोन कंपन्यांना या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. दोन वर्षांत तुम्ही कोणत्या दवाखान्यात, कोणाच्या घरी, कोणत्या मोर्चाला गेलात त्याचा ढोबळ नकाशा त्यांतून निघतो. जुलै 2024 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी जामिनाची एक अट रद्द केली. जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅपवर आपली जागा पोलिसांना दिसेल अशी ठेवावी, अशी ती अट होती. जामिनावर सुटलेल्या माणसावर सतत पाळत ठेवणं म्हणजे त्याच्या खासगी आयुष्यात डोकावत राहणं, असं त्यांनी ठरवलं.

या सगळ्यातून वाचकाच्या रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी निघतात. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा मोबाइल जप्त होत असेल तर विरोध करत बसू नका, पण जप्तीचा लेखी आदेश मागा, पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, मोबाइल चालू होता की बंद, आणि मजकूर तिथेच उतरवून घेतला असेल तर त्याचा हॅश लिहिला आहे का ते वाचूनच सही करा, आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पासवर्ड मागितला तर वकिलाशी बोलू द्या, असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. तुम्हीच तक्रारदार असाल तर धमकीचे संदेश असलेला मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटपेक्षा तो फोन मोलाचा आहे. सोसायटीच्या गेटवर चोरी किंवा अपघात झाला तर सीसीटीव्हीचं चित्रीकरण त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर काही आठवड्यांत जुन्यावर नवं लिहितो. त्याचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे हेही टिपून ठेवा. दहा मिनिटांच्या फरकावर खटले कोसळले आहेत. आणि ते चित्रीकरण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला अब्रू आहे.

आमदार-खासदारांकडे मात्र एक मागणी धरून बसायला हवी. मोबाइलच्या आतल्या झडतीसाठी दंडाधिकाऱ्याचं स्वतंत्र वॉरंट असावं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आणि कोणत्या विषयाचा मजकूर पाहायचा ते त्यात लिहिलेलं असावं, आणि तपासाशी संबंध नसलेला मजकूर परत केला किंवा नष्ट केला जावा. सीडीच्या प्रतीसाठी दोन सह्यांचं प्रमाणपत्र मागणाऱ्या आपल्या कायद्यात ही अट आज नाही.